बाईंच्या चार वह्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगलीत विश्रामबागला राहणारी एकतीस वर्षांची ही वाचक चार वर्षं घरी बसून प्रेमकथांचं संपादन करते. एका अ‍ॅपवरच्या मालिकांचे भाग तपासायचे आणि पुण्याच्या एका प्रकाशकासाठी वर्षाला तीन-चार कादंबऱ्यांची बाडं नीट करायची, असं काम. सासरी 'प्रूफं तपासते' एवढंच माहीत आहे. महिन्यापूर्वी तिला शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई, वय अडुसष्ट, भडंगाचा पुडा आणि चार दोनशेपानी फुलस्केप वह्या घेऊन घरी आल्या. हाताने लिहिलेली ६१२ पानांची कादंबरी. "तू यातलंच काम करतेस ना? बघ जरा. छापण्यासारखी कर." वाचकाच्या मते कादंबरी फसली आहे. प्रेमाची चाहूल लागते तीच दोनशे पानांनंतर, आणि शेवटी २००५ च्या पुरात नायक जातो. त्यातच पुस्तक छापून देणाऱ्या एकाने बाईंकडे छपाईचे पंच्याऐंशी हजार मागितलेत आणि त्या मुदतठेव मोडायच्या विचारात आहेत. नवरा म्हणतो, 'छान आहे म्हण आणि मोकळी हो.' खरं बोललं तर बाई खचतील, खोटं बोललं तर कामाशी बेइमानी. काय करू?

'मला अहो-जाहो करू नका, तुम्ही आईच्या वयाच्या आहात,' असं पहिल्याच ओळीत बजावलंस, म्हणून तू म्हणते.

तुझं पत्र मी पेन्सिल हातात घेऊन वाचलं. सवयच ती, निवृत्त झाले तरी जात नाही. साडेतीन पानांत 'बाई' हा शब्द एकवीस वेळा आलाय आणि 'प्रेमकथा' एकदाच. बाकी सगळीकडे 'तसलं लिखाण', 'त्या टाइपच्या गोष्टी', 'माझं ते काम'. याच्याकडे नंतर येते. आधी तुझ्या तिसऱ्या पानावर थांबायचंय.

तिथे तू लिहितेस, 'कादंबरी सपशेल फसलीय.' आणि लगेच, कुणी विचारलेलं नसताना, बाईंचं पान २१२ सांगायला लागतेस. नायिका वाचनालयात कामाला आहे. परत आलेलं पुस्तक चाळताना तिला पानांच्या कोपऱ्यावर पिवळा अंगठा दिसतो. हळद. वखारीतून आलेल्या कुणीतरी हात न धुता वाचलंय. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच पुस्तकावर तोच अंगठा. मग ती आपल्या आवडीची पुस्तकं मुद्दाम गठ्ठ्यात वर ठेवायला लागते, अंगठा कुठल्या पानावर रेंगाळतो ते बघायला. माणूस अजून दिसलेला नाही. तीन महिने असे जातात आणि एक दिवस पुस्तक स्वच्छ परत येतं. एक डाग नाही. कुणीतरी आपल्याला बघतंय हे त्याला कळलंय, आणि तो हात धुऊन वाचायला बसलाय.

अगं, फसलेल्या कादंबरीतलं पान महिन्याभराने कुणी असं सांगत नाही! मी सत्तावीस वर्षं साताऱ्यात बसून हे काम केलं. पोतंभर बाडं हाताखालून गेली. त्यातली कितीतरी नीटनेटकी होती, शुद्ध होती, वेळेवर आलेली होती, आणि आज त्यातलं काही म्हणता काही आठवत नाही. हा अंगठा मात्र मी न वाचलेल्या कादंबरीतला असून दोन दिवस डोक्यातून गेलेला नाही.

तेव्हा 'खरं सांगू की खोटं' हा प्रश्नच मला जरा घाईचा वाटतो. खरं काय ते अजून तुझं तुलाच नीट कळलेलं नाही. तुला दोन गोष्टी खुपल्यात आणि त्या दोन्ही एकाच पोत्यात भरून तू वर 'फसली' अशी चिठ्ठी लावलीस. वेगळ्या करून बघ.

पहिली, उशिरा सुरू होणं. हे साधं कारागिरीचं काम आहे. दोनशे पानं सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, आजोबा, भाऊबंदकी, कोर्टकज्जे. जमिनीतल्या पेवात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता कशी राहते हे वाचायला मलाही आवडेल, पण एखाद्या माणसासाठी जीव अडकल्यावर. जन्मभर 'प्रस्तावना, विषयप्रवेश, विस्तार, समारोप' असे निबंध शिकवलेल्या माणसाची कादंबरी प्रस्तावनेने सुरू होणार, यात नवल ते काय? कादंबरी पान २१२ वर सुरू कर, म्हणावं. आधीची दोनशे पानं फाडायची नाहीत. त्यातलं लागेल तेवढं पुढे कुणाच्या तरी तोंडून झिरपेल. चाळीसेक पानं मुरतील, बाकीची वहीत सुखाने राहतील.

दुसरी गोष्ट शेवटाची. ती कारागिरीची नाही, आणि इथे मात्र सावध हो. आपल्या धंद्यात प्रेमकथा म्हणजे काय याबद्दल फार घोळ नाही. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची व्याख्या दोनच अटींची आहे: गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. लोक याला साचा म्हणून नाकं मुरडतात. मला तो पंगतीच्या बेतासारखा वाटतो. श्रीखंडाचं आवतण देऊन ताटात कारलं वाढलं तर कारलं कितीही चवदार असो, पाहुणा रुसणारच. तुझ्या अ‍ॅपवरची वाचक रात्री अकराला भांडी आवरून फोन उघडते. नायक पुरात वाहून गेला तर ती तुला एक तारा देईल आणि तो तिचा हक्क आहे.

पण प्रेमात माणूस गमावल्याची गोष्ट ही काही कमअस्सल चीज नाही. मराठी कादंबरीत तिची मोठी परंपरा आहे, फक्त तिचं फडताळ निराळं. तुमच्या सांगलीत १८९८ साली जन्मलेले वि. स. खांडेकर आणि त्यांचे समकालीन ना. सी. फडके यांच्यात 'कला कशासाठी' यावरून केवढा वाद रंगला. एक म्हणे जीवनासाठी, दुसरे म्हणत कलेसाठी. आणि दोघांच्याही कादंबऱ्या वाचणारे घरोघर एकच होते, हे समीक्षक विसरतात. असो, हे माझं जुनं रडगाणं.

मुद्दा असा, की बाईंच्या नायकाला वाचवायचं की नाही हे तू ठरवायचं नाहीस. मी एकदा ठरवलं होतं. फलटणकडचे एक निवृत्त कंडक्टर होते, त्यांनी सव्वाशे पानांची कादंबरी पाठवली होती. एका गाडीत रोज चढणारी मुलगी, आणि तिला रोज तिकीट देणारा, कधीच काही न बोलणारा माणूस. शेवटी तिची बदली होते आणि ती जाते. मी त्यांना तीन पत्रं लिहून लग्न लावायला लावलं. पुस्तक बरं खपलं, दुसरी आवृत्तीही निघाली. पुढे कधीतरी फलटणला गेले असता त्यांच्या घरी गेले, तर आम्ही पाठवलेल्या लेखकाच्या दहा प्रती तशाच सुतळीत बांधलेल्या, कपाटावर. गाठसुद्धा सुटलेली नव्हती. त्यांनी मला चहा दिला, पुस्तकाबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांना न विचारता मी माझं फडताळ त्यांच्या डोक्यावर ठेवलं होतं.

म्हणून, तू बाईंना एकदा तरी विचारलंस का, त्यांना या कादंबरीचं काय व्हायला हवंय? तुझ्या पत्रात बाई काय म्हणाल्या ते एकाच वाक्यात आहे. 'छापण्यासारखी कर' याचे पाच-सहा अर्थ निघतात. अनोळखी वाचकांनी वाचावी, दुकानात दिसावी, हा एक. नातवंडांसाठी घरात एक बांधीव पुस्तक असावं, हा दुसरा. आणि तिसरा, जो मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलाय: आयुष्यात एकदा, हे काम कळणाऱ्या एका माणसाने ही पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावीत. तो तिसरा असेल तर अर्धी मागणी तू पुरी केलीच आहेस, आणि 'खचतील' ही सगळी भीती फुकटची. आपल्याकडे जुन्या बाई म्हटलं की आपण पुन्हा सहावीत जाऊन बसतो. बाईंनी सदतीस वर्षं पोरांच्या वह्यांवर 'विस्कळीत', 'पुन्हा लिही' असे शेरे मारलेत. शेरा पचवायची ताकद त्यांच्यात तुझ्यापेक्षा जास्त आहे.

आता 'छान आहे म्हण आणि मोकळी हो'. तुझे यजमान चांगल्या मनाने म्हणत असतील, पण मोकळी कोण होणार? तुझ्या 'छान'वर बाई दुसऱ्या दिवशी बँकेत जातील. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड तुझी आणि भीक बाईंच्या कपाळी, असा प्रकार होईल.

त्या पंच्याऐंशी हजारांचं जरा उलगडून बघू. फुलस्केपच्या एका पानात हाताने लिहिलेले सुमारे १८० शब्द धरले तर ६१२ पानांचे झाले एक लाख दहा हजार. डेमी म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकारात पानाला २९० शब्द बसले तर छापील पानं ३८०, म्हणजे एकदम छापायचे सोळापानी गठ्ठे, फर्मे, झाले २४. हे गणित बाईंच्या समोर बसून कर. मग त्या माणसाला विचार: किती प्रती? टंकलेखन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ धरून की वेगळं? विक्री कोण करणार, दुकानात ठेवणार म्हणजे कुठल्या? टाइप केलेली फाइल कुणाच्या ताब्यात? उरलेल्या प्रती कुणाच्या पलंगाखाली? आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचे, पैसे वेगळे लावले असतील तर तिथेच शंका घे, कारण तो क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो. 'कॉपीराइट काढून देतो' असं म्हणत असेल तर तेही तसंच. १९५७ च्या कायद्याप्रमाणे बाईंनी ओळ लिहिली तेव्हाच हक्क बाईंचा झाला. नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क हयातभर आणि पुढे ६० वर्षं वारसांकडे. दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनेच देता येतो, आणि कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणून करारात 'कायमस्वरूपी' आणि 'सर्व हक्क' हे दोन शब्द शोध. सापडले तर सही नको.

एक मात्र सांगते. लेखकाचे पैसे घेऊन छापणारे सगळेच लबाड असतात असं मी म्हणणार नाही. शंभर प्रती छापून घेऊन आप्तांना वाटायच्या आहेत, हे डोळे उघडे ठेवून ठरवलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. लोक मुंजीत याहून जास्त उडवतात. फसवणूक तिथे सुरू होते जिथे छपाईला 'प्रकाशन' म्हटलं जातं. नेहमीच्या पद्धतीत प्रकाशक खर्च करतो आणि लेखकाला छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास मानधन देतो. पैशाचा ओघ उलटा असेल तर तो वेगळा व्यवहार आहे, एवढंच बाईंना कळलं पाहिजे. मग ठेव मोडायची की नाही हा त्यांचा प्रश्न.

आता त्या 'तसल्या' कामाकडे येते.

तू सासरी प्रूफांचं नाव सांगतेस. तुझ्या कामात चोरटं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात आलेल्या 'शामा' या कथेवरून कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला होता. हायकोर्टात शिक्षा झाली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९६९ साली ते सुटले. त्या काळी काकोडकरांच्या कादंबऱ्या वाचनालयातून वर्तमानपत्राचं कव्हर घालून घरी येत आणि घरातली प्रत्येक बाई त्या वाचून, दुसरीने वाचल्या नसतील असं समजून चाले. तुझ्या सासूबाई कोणत्या साली जन्मल्या ते बघ आणि हिशेब कर.

आणि गंमत तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. बाईंना कसं कळलं? तू तर प्रूफं तपासतेस! 'तू यातलंच काम करतेस ना' असं त्या म्हणाल्या, म्हणजे गावाला केव्हाच माहीत आहे. तू काय करतेस हे पक्कं ठाऊक असूनच बाई सांगलीतल्या चार साहित्यिकांची दारं सोडून तुझ्या दारी आल्या. अडुसष्टाव्या वर्षी आपण प्रेमावर सहाशे पानं लिहिलीत हे त्यांना ज्या एका व्यक्तीला सांगावंसं वाटलं, ती तू. आणि तू त्यांच्या तोंडावर 'तसलं' म्हणणार?

भेटीचं म्हणशील तर व्हॉट्सअ‍ॅपवर काही कळवू नकोस. दिवस ठरवून बाईंच्या घरी जा, दीड तास काढून, पोराला आईकडे ठेवून. वह्यांवर लाल पेन लावू नकोस. ज्या हाताने तुझ्या निबंधातले अनुस्वार सुधारले त्या हाताच्या अक्षरावर तुझी लाल शाई नको. वेगळ्या कागदावर एक पान लिहून ने. सुरुवात पान २१२ ने कर. अंगठ्याची गोष्ट तुला काय वाटली ते मला सांगितलंस तसंच त्यांना सांग, स्तुती म्हणून नाही, घडलेली गोष्ट म्हणून. मग विचार, ही कुणी वाचावी असं वाटतं? मग विचार, तो पुरात गेलाच पाहिजे का? 'हो' म्हणाल्या तर विषय संपला. पुस्तक तुझ्या प्रकाशकाचं नाही, एवढं सरळ सांग. दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकेल ते सांग. तुला छापून देता येत नाही, संपादक आणि प्रकाशक एक नसतात, हेही तेव्हाच. आणि एक प्रश्न चुकूनही विचारू नकोस: 'बाई, हे खरं घडलेलं का?' विचारायची खाज येईल, मला इथे बसून येतेय. सांगायचं असेल तर त्या सांगतील.

अंगठ्याची तेवढी गोष्ट काढून स्वतंत्र कथा होते का तेही बघा. पंधराएक पानं सहज होतील. दिवाळी अंकांना कथा पाठवायचे हेच दिवस आहेत, ऑगस्ट उलटला की संपादक फोन उचलत नाहीत. तिकडे जमलं नाही तर संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन भरतंच. कृष्णाकाठी बसून लोक ऐकतात, आणि ऐकताना मान डोलावतात की मोबाइल बघतात हे लेखकाला समोर दिसतं. कुठल्याही संपादकाच्या पत्रापेक्षा ते जास्त शिकवतं.

पैसे? बाईंकडून घेऊ नकोस. पण मर्यादा घाल: एकदा वाचून एक पान आणि एक बैठक, एवढंच फुकट. पुढचं संपादन करायचं ठरलं तर तोंड वाकडं न करता दर सांग. बाईंनंतर शेजारची, तिच्यानंतर नणंदेची मैत्रीण येणार आहे. त्या सगळ्यांसाठी आत्ताच ठरवून टाक: पहिली तीस पानं आणि गोष्टीचा सारांश एका पानात. सारांश एका पानात मावत नसेल तर लेखकाला आपली गोष्ट अजून सापडलेली नाही, हे तुला काही न बोलता त्यालाच कळतं.

प्रेमकथा लिहून मला विचारणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन-तीन गोष्टी इथेच सांगते, महिन्याला अशी पाच-सहा पत्रं येतातच. एका फोनने सुटेल असा गैरसमज तीनशे पानं ताणू नका. आपल्याकडे प्रेमाच्या आड यायला जात, जमीन, नोकरी, घरातलं आजारपण, कर्ज हे सगळं हजर असताना खोटं पत्र आणि चोरलेला मोबाइल कशाला लागतो? कोरेगावचा पोरगा आणि तासगावची पोरगी टीव्हीवरल्या पुणेरीत भांडू देऊ नका. 'काय करायलाईस' असं ती म्हणत असेल तर म्हणू द्या. आणि अ‍ॅपवरची मालिका जशीच्या तशी पुस्तक म्हणून कुणाकडे पाठवू नका. दर भागाच्या शेवटी धक्का आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला उजळणी, हे सलग वाचताना उचकीसारखं वाटतं. पाठवण्याआधी अ‍ॅपशी काय करार झालाय तेही वाचा. 'आय अ‍ॅग्री'वर बोट दाबताना पुस्तकाचे हक्क दिलेले असू शकतात.

आता तुझ्यापुरतं शेवटचं, आणि खरं तर हे सगळ्यात आधी करायचंय. बाई गावभागात तळमजल्यावर राहतात असं तू लिहिलंस. चार वह्या, एकच हस्तलिखित, आणि पाऊस सुरू झालाय. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका, हे तुला मी सातारकरणीने सांगायला नको. २०१९ च्या पुरात तुमच्या नगर वाचनालयातल्या पुस्तकांचं काय झालं ते तू पाहिलंयस. वह्या परत न्यायच्या आधी झेरॉक्सच्या दुकानात जा आणि ६१२ पानांच्या दोन प्रती काढ. वह्यांची शिवण उसवू देऊ नकोस, दुकानदाराला एकेक पान हाताने उलटायला सांग, कुरकुर केली तर दोन रुपये जास्त दे. एक प्रत बाईंना, एक विश्रामबागला तुझ्याकडे, वरच्या फळीवर. पान २१२ चा फोटो काढून मला पाठव, बाईंची परवानगी घेऊन.